उडणाऱ्या माणसांचे दोर

दाजी हे काही त्याचं नाव नव्हे. त्याला दाजी म्हणायचा हक्क जगात एकाच माणसाला होता, बायकोच्या धाकट्या भावाला. पण तो भाऊ याच्याच कामावर लागला, दिवसभर गच्चीवर "दाजी, दोर सोडा", "दाजी, बादली ओढा" असं बोंबलू लागला, आणि महिन्याभरात साहेबापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांचाच तो दाजी होऊन बसला. त्याच्या बापाच्या वयाचा वॉचमन, तोही फाटकातून ओरडायचा, "काय दाजी, आज कितव्या मजल्यावर?" पहिले काही दिवस तो चिडला. मग चिडायचाही कंटाळा आला.

काम काय, तर उंच इमारतींच्या काचा बाहेरून पुसायच्या. आत खुर्चीवर बसलेल्यांना वाटतं, काचा आपोआपच स्वच्छ राहतात. एखादा कारकून चहाचा घोट घेता घेता सहज खिडकीकडे बघतो आणि बाहेर अधांतरी माणूस दिसला की ठसका लागून अर्धा चहा शर्टावर सांडतो. असे ठसके दाजीने बावीस वर्षं बघितले होते. त्याला त्याचं हसूही येत नसे.

या कामाची रीत एकदा नीट सांगून टाकतो, म्हणजे पुढे घोळ नको. दोरावरच्या प्रत्येक माणसाला दोन दोर. एक कामाचा, त्यावर तो लटकतो. दुसरा जिवाचा, पहिला तुटलाच तर झेलण्यासाठी. दोन्ही दोर गच्चीवरच्या लोखंडी कड्यांना बांधायचे आणि कठड्यावरून खाली सोडायचे. कठड्याची कड दोराला खाते, म्हणून दोन्ही दोरांखाली एक गादी सरकवायची. गादी म्हणजे झोपायची नव्हे हो, जुन्या गालिच्याचा चार पदरी शिवलेला तुकडा. खिडक्यांची एक ओळ वरपासून खालपर्यंत पुसली की माणूस लिफ्टने वर येतो, दोर दोन हात पुढे सरकतात, आणि त्यांच्याबरोबर गादीही सरकते. उतरण्याआधी वर थांबणाऱ्याने गाठ, कडी आणि गादी या तिन्हींना हात लावायचा आणि मोठ्याने म्हणायचं, "बघितलं." मग उतरणाऱ्याने म्हणायचं, "उतरतो." एवढंच. ही रीत दाजीनेच लावलेली. नवा माणूस आला की पहिल्याच दिवशी दम भरायचा, "डोळ्यांनी बघून मला सांगू नकोस. हात लाव." त्याच्या हाताखाली बावीस वर्षांत कुणाला साधं खरचटलं नव्हतं, आणि त्याचा त्याला माज होता. असावाच.

मेहुण्याला सगळे उड्या म्हणत. सडपातळ, लांब हातापायांचा, सव्वीस वर्षांचा बाप्या, पण तोंड एक मिनिट बंद नाही. उड्या नाव पडलं ते त्याच्या वेडापायी. चिनी पिक्चर! मारामारीचे, पण साध्या मारामारीचे नाहीत, त्यात माणसं उडतात. दाजीला त्यांतलं ओ की ठो कळत नसे, पण डबा खाताना रोज गोष्ट ऐकावी लागायची. पांढऱ्या झग्यातला एक देखणा बांबूच्या शेंड्यावर उभा असतो आणि बांबू वाकत नाही. एक बाई ढगावरून येते, नुसती बाही झटकते, की पलीकडचा डोंगर फुटला. त्या दोघांचं गेल्या तीन जन्मांचं भांडण असतं. एक म्हातारा हजार वर्षं गुहेत डोळे मिटून बसलेला असतो, तो नेमका त्याच दिवशी उठतो. आणि मेलेला माणूस मेला म्हणून मोकळं व्हायचं नाही, त्याच्या अंगातून निळा धूर निघतो आणि पुढच्या भागात त्या धुराचा परत माणूस होतो.

"आणि झग्याला डाग पडत नाही?" दाजी विचारायचा.

"नाही."

"चिखलात पडला तरी?"

"पडतच नाही ना दाजी. तीच तर गंमत आहे."

हे वेड त्याला लागलं ते आईपायी. दाजीच्या सासूबाई एका लहानशा थिएटरच्या तिकीट खिडकीवर बसत. नवरा लवकर गेलेला, पोरगी शाळेत, आणि हे शेंडेफळ ठेवायचं कुठं? मग ते आईच्या पायाशी स्टुलावर बसायचं आणि खेळ सुरू झाला की डोअरकीपर त्याला आत सोडायचा. दुपारच्या खेळाला तिथं असेच उडणाऱ्यांचे पिक्चर लागत. पुढे थिएटर बंद पडलं, सासूबाई घरी बसल्या, पण मायलेकांचं पिक्चर बघणं काही सुटलं नाही. घरातल्या टीव्हीवर दोघं शेजारी शेजारी बसून बघायची आणि भांडायची. म्हातारी म्हणायची, आमच्या वेळच्या पिक्चरमध्ये दम होता, दोर दिसायचा, माणूस खरोखर लटकायचा. पोरगा म्हणायचा, आई, आताही खरोखरच लटकतात, पण नंतर कॉम्प्युटरवर दोर पुसून टाकतात.

हीच गोष्ट त्याने दाजीलाही सांगितली होती. "आपलीच माणसं आहेत, दाजी. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर. फक्त त्यांचा दोर पुसतात आणि आपला ठेवतात."

"आणि दोर धरणारा?"

"तो तर आधीपासूनच बाहेर उभा असतो. त्याला कोण दाखवतंय!"

कधीकधी उड्या दोरावर हात पसरायचा, एक पाय मागे घ्यायचा आणि तसाच क्षणभर राहायचा. समोरच्या इमारतीतल्या कुणीतरी एकदा त्याचा व्हिडिओ काढला आणि तो गावभर फिरला. लोक खूश. साहेबाने बोलावून झापलं. उड्याने मान खाली घालून ऐकलं आणि बाहेर येऊन दाजीला डोळा मारला.

आता पुढचं. आठ महिन्यांपूर्वीची गोष्ट. नऊ मजली इमारत, वारा बेताचा, ऊन बेताचं, तक्रार करावी असं काही नाही. डबा खाताना उड्याने दाजीच्याच मोबाईलवर एक नवा पिक्चर लावून दिला. "एकदा बघा तर खरं. नाही आवडला तर माझं नाव बदला." दाजीने शिव्या घालत बघायला घेतला. आणि खरं सांगायचं तर आवडला. कधी नव्हे ते आवडला! एक बाई कड्याच्या टोकावर उभी होती, मागे सैन्य, खाली दरी, आणि तो पांढरा झगेवाला तलवारीवर उभा राहून तिच्याकडे निघाला होता. पोचतो की नाही, पोचतो की नाही. डबे धुऊन झाले, उड्याने पट्टा आवळला, दोर दोन हात पुढे सरकवले आणि कठड्यावर चढून विचारलं, "दाजी?"

दाजी टाकीच्या सावलीत बसला होता. "बघितलं," तो म्हणाला. पडद्यावरची नजरसुद्धा उचलली नाही.

"उतरतो," उड्या म्हणाला.

गादी मागच्याच जागी राहिली होती. कठड्याला कडेने पत्रा ठोकलेला होता. काच पुसताना माणूस डावीकडे उजवीकडे जातो, तसा दोर वर पत्र्यावर जातो येतो. सातव्या मजल्यापर्यंत दोराने धीर धरला. कामाचा तुटला, त्याचा झटका जिवाच्या दोराला बसला, तोही त्याच धारेवर होता, तोही तुटला. दाजीला एक आवाज आला, सतरंजी झटकल्यासारखा. तो उठून कठड्याशी गेला. खाली बघितलं. मग वळला, मागे पडलेली गादी उचलली आणि जिथं असायला हवी होती तिथं, तुटक्या दोरांच्या खाली, नीट सरळ करून ठेवली.

का ठेवली? ती बावीस वर्षांची सवय होती, की लबाडी होती? दाजीला ते तेव्हाही माहीत नव्हतं, आणि आठ महिने तो स्वतःला हेच विचारत होता. हातांनी केलं, एवढंच त्याला आठवत होतं.

तपासणीची माणसं आली. गादी जागेवर, गाठ जागेवर, कडी जागेवर. मग दोर तुटला कसा? तेव्हा कुणाला तरी तो व्हिडिओ आठवला, आणि मग काय, सगळं सोपं झालं. साहेबाने लिहिलं, 'दोरावर कसरती करत असताना दोर घासून तुटला.' खाली साक्षीदार म्हणून सही करायला दाजीपुढे कागद आला. त्याने सही केली. पेन चालत नव्हतं म्हणून दुसरं मागून घेतलं, हेसुद्धा त्याला आठवत होतं.

तेव्हापासून दाजीचं सगळं बधिर झालं. रडू आलं नाही, झोप उडाली नाही, भूक मेली नाही. न्हाव्याच्या वस्तऱ्याने कानाची पाळी कापली तेव्हा न्हावी घाबरला, दाजी आरशात रक्ताकडे बघत बसला. कामावर तो आता वर थांबत नसे, स्वतःच उतरायचा. गादी कुणी सरकवली, हात लावला का, असलं काही विचारायचा नाही. वरून "बघितलं" आलं की "उतरतो" म्हणायचा आणि पाय सोडायचा. बाकीच्यांना वाटायचं, दाजीची छाती बघा! छाती कसली डोंबलाची. त्याला कशाचं काही पडलेलंच नव्हतं.

आणि घरी येऊन तो पिक्चर बघायचा. तेच, उडणाऱ्या माणसांचे. कामावरून आला की हातपाय धुऊन टीव्हीपुढे बसायचा ते जेवायला हाक येईपर्यंत. एक संपला की दुसरा. गोष्टीत त्याला काडीचा रस नव्हता, नावंही लक्षात राहत नसत. तो बघायचा कंबर. माणूस हवेत उचलला गेला की तो कंबरेकडे बघायचा. तिथं झगा जरासा आवळतो, पोट किंचित पुढे येतं, आणि दाजीला कळायचं, दोर इथं आहे. मग कड कुठं असेल, कप्पी कुठं असेल, दोर किती अंशात आला असेल, याचा तो हिशेब करायचा आणि शेवटी त्याची नजर चौकटीच्या बाहेर जायची, भिंतीवर. तिथं कुठंतरी तो दोर धरणारा उभा असणार. त्याचे दोन्ही हात दोरावर असणार. त्याची नजर पिक्चरवर नसणार, माणसावर असणार. शिवाय त्या पिक्चरमध्ये कुणी पडत नाही, ही एक बरी गोष्ट होती. कड्यावरून उडी टाकली तरी मध्येच कुणीतरी झेलतं. दाजी हे झेलणं बघायचा. त्याला बरं वाटत नसे, पण वाईटही वाटत नसे, आणि तेवढ्यावर त्याची संध्याकाळ निघायची.

बायकोचं डोकं फिरायचं. "माझा भाऊ खाल्ला त्या पिक्चरांनी, आणि तुम्ही तेच लावून बसता? माणूस आहात की दगड?"

"बंद करतो," तो म्हणायचा आणि करायचा नाही. मग ती स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची.

पण सगळ्यात वाईट हाल म्हातारीचे होते. सासूबाई दोन गल्ल्या सोडून राहत. पोरगा गेल्यावर त्यांनी टीव्हीवर चादर टाकली ती टाकलीच. येईल त्याला एकच सांगायच्या, "मी मारला त्याला. मी खिडकीवर बसायचे ना, मीच आत सोडायला लावायचे. मीच ते खूळ डोक्यात भरलं. दुसरी आई असती तर कान पिरगाळून अभ्यासाला बसवला असता." शेजारणी समजूत घालून थकल्या. जेवण अर्ध्यावर आलं. आणि हे सगळं दाजीच्या डोळ्यांदेखत, दर रविवारी, चहाचा कप हातात असताना.

दाजीला पक्कं ठाऊक होतं. एक वाक्य बोललं की म्हातारीच्या छातीवरचा दगड उतरेल आणि तोच दगड त्याच्या संसारावर पडेल. बायको एक दिवस राहायची नाही. आणि नाही बोललं तर म्हातारी अशीच झिजत जाईल, आपल्या पोराचा खून आपण केला असं समजून. दर रविवारी तो ठरवायचा, आज सांगू. दर रविवारी कप विसळून ठेवायचा आणि घरी यायचा.

एका रविवारी दुपारी म्हातारीच आपल्या पायांनी आली. बायको आतल्या खोलीत कपड्यांना इस्त्री करत होती. दाजी खाटेवर मोबाईल घेऊन बसला होता. सासूबाईंना बघून त्याने घाईने मोबाईल पालथा घातला.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "मला दाखवा काय बघताय ते."

"काही नाही. असंच."

"अहो, त्यातले कुठले बघायचे राहिलेत माझे? एकदा बघू तरी द्या." त्या खाटेच्या कडेला बसल्या, चष्मा चढवला आणि मोबाईल हातात घेतला. पडद्यावर पिक्चरांची रांग होती, टीव्हीवर बघितलेलेही त्यातच दिसत. सगळ्यांखालची रेघ शेवटपर्यंत लाल झालेली, म्हणजे पूर्ण बघितलेले. एकाचीच अर्ध्यावर थांबली होती. जन्मभर तिकीट फाडलेली बाई ती, अर्ध्यातून उठलेला प्रेक्षक तिच्या नजरेतून कसा सुटेल?

"हा का सोडला मध्येच?"

दाजीने मोबाईल परत घ्यायला हात पुढे केला.

"चांगला नाही?"

"चांगला आहे."

"मग? तो आवडीने सांगायचा याच्याबद्दल. कधी बघत होतात तुम्ही हा?"

आता इथं दाजी काहीही सांगू शकला असता. नेट गेलं, झोप लागली, पाहुणे आले. माणसाला खोटं बोलायला किती वेळ लागतो? पण त्या खोट्यासाठी जी काही जागा लागते ती त्याच्या आत उरलीच नव्हती. त्याने जसं होतं तसं सांगितलं, वेळापत्रक सांगावं तशा आवाजात.

"त्या दिवशी. दुपारी, गच्चीवर. त्याने विचारलं, मी न बघताच 'बघितलं' म्हणालो. गादी मागेच राहिली होती. मी पिक्चर बघत होतो."

आतल्या खोलीत इस्त्री थांबली.

सासूबाईंनी चष्मा काढला. "पण गादी तर जागेवर होती म्हणाले."

"नंतर मी ठेवली."

बायको दारात येऊन उभी राहिली होती, हातात त्याचाच शर्ट होता. ती किंचाळेल, शर्ट तोंडावर फेकेल, असं दाजीला वाटलं. ती नुसती बघत राहिली. बोलल्या त्या सासूबाईच.

"म्हणजे तो कसरत करत नव्हता?"

"नाही."

"काय करत होता?"

"काच पुसत होता. सातव्या मजल्याची."

"सरळ?"

"सरळ. कामच करत होता."

म्हातारी उठली. पदर सारखा केला. "मग तसं लिहून आणा," ती म्हणाली. "त्या कागदावर माझा पोरगा माकड ठरलाय. तसं लिहून आणा, शिक्क्यासकट. तोवर मला तोंड दाखवू नका." आणि पोरीकडे वळून म्हणाली, "तू येतेस?" बायकोने शर्ट खाटेवर ठेवला, घडी करून ठेवला, आणि चपला घालून आईबरोबर गेली. मागे इस्त्री चालूच होती. दाजीने जाऊन बटण बंद केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडायच्या आधीच तो दारात उभा. साहेबाने ऐकून घेतलं, उठून दार लावलं, आणि खालच्या आवाजात म्हणाला, "दाजी, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? आठ महिने झाले. फाईल बंद झाली."

"उघडा."

"उघडली की काय होईल माहीत आहे? दोरावर चढायचा परवाना जाईल. उद्या पोलीस दारात येतील. मलाही दहा प्रश्न विचारतील, ते वेगळंच. कुणी काही म्हणतंय का तुम्हाला? गेला तो गेला. कशाला पायावर धोंडा पाडून घेता?"

"त्यांनी लिहून मागितलंय."

"कुणी?"

"त्याच्या आईने."

साहेबाने कपाळावर हात मारला. मग एक कोरा कागद पुढे सरकवला, तोही असा की जणू चटका बसतोय. दाजीने लिहिलं. त्याचं अक्षर वाईट, लिहायची सवय नाही, चार ओळींना पाऊण तास लागला. 'पडला तेव्हा तो सातव्या मजल्याची काच पुसत होता. कसरत करत नव्हता. गादी सरकवणं आणि हात लावून बघणं माझं काम होतं. मी ते केलं नाही, मी मोबाईलवर पिक्चर बघत होतो. गादी मी नंतर ठेवली. आधीची सही खोटी आहे.' खाली पूर्ण नाव. ते नाव वाचून साहेबालाही क्षणभर कळेना, हा कोण माणूस. मग त्याने शिक्का मारला, एक प्रत ठेवून घेतली, आणि दाजीचा पट्टा आणि पट्ट्याच्या कड्या मागून घेतल्या. दाजीने ते सगळं पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं. त्याला वाटलं होतं काहीतरी वाटेल. काही वाटलं नाही.

तिथून तो थेट सासूबाईंकडे गेला. दार उघडंच होतं. म्हातारी खुर्चीत बसली होती, बायको तिच्या शेजारी, डोळे सुजलेले. दाजीने कागद पुढे केला. बसा असं कुणी म्हणालं नाही, म्हणून तो उंबऱ्यातच उभा राहिला.

सासूबाईंनी ओळीखाली बोट ठेवून वाचलं. पहिल्या दोन ओळी दोनदा वाचल्या. पुढचं एकदाच. मग कागद मांडीवर ठेवला आणि त्यावर हात ठेवून बसून राहिल्या.

"आणि तो व्हिडिओ?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं. "हात पसरून उभा राहिलेला. तो खोटा आहे?"

"तो खरा आहे."

"मग कशाला करायचा तो असलं? मी इतके दिवस तेच डोळ्यांपुढे आणतेय."

दाजीने एकदा बायकोकडे बघितलं. हे सांगणार नाही असा त्याने उड्याला शब्द दिला होता. पण ज्याला दिला तोच उरला नव्हता.

"त्याला उंचीची भीती वाटायची," तो म्हणाला.

"कुणाला?"

"त्याला. पहिल्या दिवशी कठड्याशी तीन वेळा ओकला. मी म्हटलं, घरी जा, हे तुझं काम नव्हे. तो म्हणाला, दाजी, आईला सांगू नका. मग त्यानेच युक्ती काढली. पाय सुटले की त्या पिक्चरमधल्या माणसासारखे हात पसरायचे. आपण लटकलेलो नाही, आपण उडतोय, असं धरून चालायचं. तेवढं केलं की मग छान काम करायचा, दिवसभर. सकाळच्या पहिल्या उतरणीला करायचा फक्त."

"रोज?"

"रोज. सात वर्षं."

"मला तर म्हणायचा, वर फार मजा येते. म्हणायचा, आई, तू बघायला हवंस." म्हातारीचा आवाज फुटला. "रोज भ्यायचा माझा पोरगा?"

"रोज."

तिने डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. मग एकदम तिने मान वर केली आणि जावयाकडे बघितलं, पहिल्यांदाच नीट बघितलं.

"आणि तुम्हाला हे माहीत होतं."

"हो."

"तरी तुम्ही रोज त्याला वर नेत होतात."

दाजीने तोंड उघडलं. त्याच्याजवळ सांगण्यासारखं होतं. पोरगा हुशार होता, हात चांगला होता, दुसरं काम मिळत नव्हतं, तोच मागे लागला होता. आणि शिवाय दिवसभर दाजी, दाजी करणारं कुणीतरी जवळ असलं की बरं वाटायचं, हेही खरं होतं.

"हो," तो म्हणाला.

एवढं म्हटलं आणि त्याचा तोल गेला. धरायला काही सापडलं नाही. तो उंबऱ्यात खाली बसला आणि रडायला लागला, मोठ्याने, जिन्यावरून जाणारे थांबून बघतील असा. आठ महिन्यांचं एकदम आलं. बायकोने तोंड फिरवलं. म्हातारीने त्याला गप्प बसा म्हटलं नाही, आणि उठाही म्हटलं नाही.